पाठीशी

सगळे म्हणतात, आम्ही पोराच्या पाठीशी आहोत.
मालकीणबाई म्हणाल्या, कोच म्हणाला,
एरी शहरातल्या बेकरीवाल्या बाईनं तर
केकवर साखरेनंच लिहून ठेवलं.

मी काही त्याच्या पाठीशी नाही.
तो माझ्या पाठीशी असतो.
मी सेंटर. वाकलेला, चेंडूवर मूठ,
आणि मागून माझ्या मांड्यांमध्ये
त्याचे दोन तळवे, चेंडूची वाट बघत.
हसू नका. धंदाच असा आहे.

बारा वर्षांत नऊ क्वार्टरबॅक
माझ्या पाठीमागून गेले.
चेहरे विसरलो. हात आठवतात.
रस्कचा अंगठा चिरलेला, डिसेंबरात रक्त यायचं.
एकाचे तळवे कायम घामेजलेले,
त्याला आम्ही तिसऱ्या आठवड्यात निरोप दिला.

हा एमरी टॉलिव्हर, वय बावीस.
लुइझियानाच्या दलदलीतून आलेला;
बापाच्या बोटीवर कोळंबीची जाळी ओढून
बोटांच्या पेरांवर पांढरे वण.
पहिल्या दिवशी ते हात थरथरत होते.
मी कुणालाच सांगितलं नाही.
मला ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक नाही.

टीव्हीवर सूटवाले रोज त्याची कुंडली मांडतात:
खांदा उच्चीचा, पाय नीचीचे,
तीन वर्षांत राजयोग, नाहीतर वनवास.
त्यांच्यापैकी कुणी
त्याच्या हाताला हात लावलेला नाही.

ऑगस्टच्या सरावसामन्यात
त्यानं तीन चेंडू बिनचूक फेकले,
तिन्ही शत्रूच्या हातात.
ड्रेसिंग रूममध्ये कुणी ब्र काढला नाही.
रस्कनं, खांदा झोळीत बांधलेल्या रस्कनं,
ज्याची जागा हा पोरगा घेणार त्या रस्कनं,
बाकावरची आपली बॅग उचलली
आणि म्हणाला, बस.
मग कॉफीचे डाग पडलेली त्याची वही,
अकरा वर्षांची, त्याच्या मांडीवर ठेवली.
कपडे धुणाऱ्या लुपेनं जर्सी दोनदा धुतली,
गवताचा एकही डाग घरी जाऊ नये म्हणून.

इतकी माया जड होते.
हरलेल्याला शिवी घातली तर तो चिडून तरी झोपतो;
पाठीवरून हात फिरवलात
की टक्क जागा.
रात्री एक वाजता तो पार्किंगमध्ये,
ट्रक बंद, काचा वाफाळलेल्या.
मी टकटक केलं.
म्हणाला, हे लोक ओरडत का नाहीत?
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अर्धं सँडविच होतं, ते दिलं.

मग नोव्हेंबर.
सरोवरावरून आडवा येणारा बर्फ,
चार यार्ड हवेत, आणि माझ्यासमोर
फ्रीजएवढा माणूस, श्वासाला पुदिन्याचा वास.
पोराचे हात आले.
गार. पण स्थिर.
आणि लगेच निघून गेले.

मागे वळून बघणं माझ्या कामात बसत नाही.
ऐकू आलं ते एवढंच:
कोचनं सांगितलेला डाव तो मोडतोय,
डावीकडे बोंबलून, उजवीकडे बोंबलून,
आपला स्वतःचा मांडतोय.
आवाज कुठेही फाटला नाही.
हात परत आले.

त्याचं पुढे काय होईल म्हणून मला विचारतात.
मी अडीच सेकंद देतो.
फार तर पावणेतीन,
गुडघा बरा असेल तर.
दहा वर्षांचा हिशेब मांडणाऱ्यांनी
आधी एवढे देऊन दाखवावेत.

चेंडू दिला. फ्रीज अंगावर आला.
मी उताणा, डोळ्यांत बर्फ,
आणि साठ हजार गळ्यांतून एकच हुंकार,
आनंदाचा की हळहळीचा,
खालून कळत नव्हतं.
कुणीतरी हात पुढे केला, मला उठवायला.
हेल्मेटच्या जाळीवर बर्फ साचलेला,
चेहरा दिसेना.
पेरांवरचे वण हाताला लागले.

किती यार्ड मिळाले,
विचारायचं राहूनच गेलं.